संस्कार, परिस्थिती आणि एक तालुका

उत्तरपत्रिका तपासताना एक गोष्ट वर्षानुवर्षे डोळ्यांखालून जात होती. ती खटकायला मात्र फार उशीर झाला. साने गुरुजींच्या बालपणाविषयी लिहिताना आपला विद्यार्थी न चुकता 'संस्कार' हा शब्द योजतो. बाबासाहेब आंबेडकरांच्या बालपणाविषयी लिहिताना तोच विद्यार्थी, त्याच हस्ताक्षरात, 'प्रतिकूल परिस्थितीवर मात करून' असे लिहितो. एकाला भोवताल घडवतो आणि दुसरा भोवतालाला हरवतो. हा दोष विद्यार्थ्याचा नाही. आपण वर्गात जे सांगतो आणि मार्गदर्शिकांत जे छापले जाते, तेच तो परत करतो. आपली चरित्रपर समीक्षा गेली कित्येक दशके हे दोन शब्द दोन वेगवेगळ्या मुलांसाठी राखून ठेवत आली आहे आणि ही वाटणी आपल्या लक्षातही येत नाही.

मुलाचा भोवताल त्याला कसा घडवतो, हा प्रश्न मानसशास्त्राचा खराच. परंतु आत्मचरित्रांच्या वाचकाला तो टाळता येत नाही. प्रस्तुत लेखात तो एका मर्यादित भूभागापुरता पाहावयाचा आहे. तो भूभाग म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुका आणि त्याचा परिसर. निवड हेतुतः केली आहे. धोंडो केशव कर्वे यांचे बालपण याच तालुक्यातील मुरूडला गेले. पांडुरंग सदाशिव साने पालगडचे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचे वडील दापोलीस वकिली करीत आणि काण्यांचे शालेय शिक्षण तेथल्याच मिशन हायस्कुलात झाले. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे आज मंडणगड तालुक्यात येते. पण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी आत्मकथनपर टिपणांत स्वतः आंबेडकरांनी आपले घराणे मूळचे दापोली तालुक्यातले असेच सांगितले आहे. तिघा भारतरत्नांचा आणि एका साने गुरुजींचा हा मुलूख. अशा योगायोगातून 'मातीचा गुण' नावाचा एक गोड सिद्धान्त लगेच जन्माला येतो. लाल माती, नारळी-पोफळी, दारिद्र्य आणि त्यातून येणारी काटकसर, की झाली थोर माणसे तयार! हा सिद्धान्त मला मान्य नाही. माती एकच होती, पण घरांचे उंबरे निरनिराळे होते.

कर्व्यांपासून आरंभ करू. त्यांचा जन्म 1858 चा, आजोळी शेरवलीचा. मुरूड हे समुद्रकाठचे, ब्राह्मणवस्तीचे गाव. घराची पूर्वीची सुस्थिती ओसरलेली. अशा गावात सोमण नावाचे एक गुरुजी होते आणि त्यांना शाळेच्या चार भिंतींबाहेरच्या उद्योगांची आवड होती. वर्तमानपत्र मिळवावे, ते मुलाकडून गावकऱ्यांना वाचून दाखवावे, गावाच्या भल्याचे काही सामाईक काम काढावे, हा त्यांचा खाक्या. कर्व्यांच्या आत्मवृत्तात या गुरुजींना जे स्थान आहे ते पाहिले, की पुढचा संस्था उभारणारा माणूस कोठून आला याचा शोध फार लांब करावा लागत नाही. एका खेड्यात एक जिज्ञासू शिक्षक असणे आणि त्याच्या समोर बसण्याची मुभा असणे, या दोन गोष्टींचा तो परिणाम. पैकी पहिल्या गोष्टीची नोंद चरित्रकार घेतात. दुसरी इतकी गृहीत असते की ती सांगावी असे कोणालाच वाटत नाही.

कर्व्यांच्या बालपणातला सर्वांना ठाऊक असलेला प्रसंग 1875 सालचा, साताऱ्याच्या पायपिटीचा. सहावीच्या सार्वजनिक परीक्षेसाठी हा मुलगा सोबत्यांबरोबर भर पावसात, सह्याद्री ओलांडून, शंभरावर मैल चालत साताऱ्यास गेला. परीक्षेला सतरा वर्षे वयाची अट होती. वय पुरे होते, पण अंगकाठी इतकी लहान की परीक्षा घेणाऱ्यांचा विश्वास बसला नाही आणि त्याला परत पाठवण्यात आले. मुलाचे रूप पाहून त्याच्याविषयी चुकीचा निष्कर्ष काढला गेला. पुढल्या खेपेस त्याने कोल्हापूरला परीक्षा दिली आणि तो उत्तीर्ण झाला. ही पायपीट मराठी मुलांना जिद्दीचा धडा म्हणून पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली आणि ती जिद्द होतीच. मला त्यातली वेगळीच एक गोष्ट लक्षणीय वाटते. त्या चार दिवसांच्या वाटेवर पाणी कोठे मिळेल, हा प्रश्न या गोष्टीत येत नाही. पाऊस येतो, घाट येतो, थकवा येतो. पाणी येत नाही.

हा तपशील येथेच ठेवून थोडे पुढे जाऊ.

साने गुरुजींचा जन्म 24 डिसेंबर 1899 चा. 'श्यामची आई' त्यांनी फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले. पुस्तकातील श्याम म्हणजे हुबेहूब लेखक नव्हे, हे भान ठेवूनही त्यातल्या घराचा इतिहास खरा आहे. पालगडचे हे घराणे खोतांचे. भाऊबंदकी, वाटण्या, कर्ज, अखेर जप्ती, अशी त्याची उतरण. या उतरणीवर एक आई मुलाच्या मनाला सांभाळत राहते, हे या पुस्तकाचे बळ आहे आणि ते मी कमी लेखू इच्छीत नाही. पोहायला भिणाऱ्या मुलाला छडी उगारून विहिरीवर पाठवणारी ही आई नुसती हळवी नाही, हेही विसरू नये.

पण त्यातलाच एक प्रसंग वर्गात सावकाश वाचण्यासारखा आहे. एक वृद्ध महार स्त्री लाकडांची मोळी घेऊन चालली आहे. मोळी खाली पडते आणि ती पुन्हा डोक्यावर चढवून द्यायला कोणी पुढे होत नाही. आई श्यामला सांगते की जा, तिला मोळी उचलून दे आणि मग घरी येऊन आंघोळ कर. आपण या प्रसंगातून भूतदयेचा संस्कार काढतो आणि थांबतो. परंतु मुलाला त्या दिवशी एक नव्हे, दोन गोष्टी शिकवल्या गेल्या. मोळी उचलून देणे ही एक आणि आंघोळ ही दुसरी. दोन्ही एकाच वाक्यात, एकाच मायेच्या आवाजात आल्या. कोणती टिकेल हे त्या क्षणी आईलाही ठाऊक नव्हते. पुढे 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजी प्राणांतिक उपोषणाला बसले. त्यांच्यात मोळी टिकली आणि आंघोळ गळून पडली, असे म्हणता येईल. मात्र तेच शब्द, तशाच मायेने, कोकणातल्या इतर शेकडो घरांत उच्चारले जात होते आणि तेथे बहुधा उलट घडले. तेव्हा 'आईच्या संस्कारांमुळे साने गुरुजी घडले' हे विधान अर्धेच खरे आहे. भोवतालाने दोन्ही वस्तू हाती दिल्या. त्यांतली एक ठेवून दुसरी टाकण्यात तुरुंग, चळवळ, खानदेशातले शेतकरी आणि त्यांच्या स्वतःच्या मनाची घडण या साऱ्यांचा वाटा होता.

आता 1901 साल. स्थळ पुन्हा सातारा जिल्हा. कर्व्यांच्या पायपिटीनंतर सव्वीस वर्षांनी याच जिल्ह्यात दापोली तालुक्याच्या दुसऱ्या एका घराण्यातील मुले प्रवासास निघाली. रामजी सकपाळ हे लष्करातले निवृत्त सुभेदार. निवृत्तीनंतर ते दापोलीस स्थायिक व्हावयाचे म्हणून आले होते, पुढे बेत बदलून साताऱ्यास गेले. तेथे पत्नी भीमाबाई वारल्या. रामजींना खटाव तालुक्यात, दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी खोदल्या जात असलेल्या तलावावर, रोखपालाची नोकरी मिळाली. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी मुलांना भेटीस बोलावले. नऊ-दहा वर्षांचा भीम, त्याचा भाऊ आणि भाचे असे सगळे आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरले.

मुलांनी नव्याने शिवून घेतलेले कपडे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे असा थाट केला होता. न्यायला कोणी आले नाही. स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली, कोण म्हणून विचारले आणि मुलाने क्षणाचाही विचार न करता आपण महार आहोत असे सांगितले. स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटला. त्यानंतरची हकीकत सुपरिचित आहे. दुप्पट भाडे देऊन बैलगाडी ठरली. गाडीवाला विटाळाच्या भयाने बाजूने चालत राहिला आणि गाडी मुलांनी हाकली. शिदोरी बरोबर होती, पण पाणी नव्हते. जकात नाक्यावर गाडीवानाच्या सल्ल्याने मुसलमान असल्याचे सांगूनही पाणी मिळाले नाही. भरल्या डब्यासमोर मुले उपाशी झोपली. वडिलांना पत्र वेळेवर कळलेच नव्हते. ते नोकराच्या हातात राहिले होते.

कर्व्यांच्या प्रवासातून गैरहजर असलेले पाणी येथे सगळा प्रवास व्यापून राहते. दोन्ही ठिकाणी मुलाचे रूप पाहून मोठ्या माणसांचा गैरसमज झाला. एकाला लहान समजले गेले, दुसऱ्याला ब्राह्मण. पहिला गैरसमज मुलाचे एक वर्ष घेऊन गेला आणि पुढच्या परीक्षेत दुरुस्त झाला. दुसरा गैरसमज होता तोवरच सारे ठीक होते. तो दूर झाला आणि रस्ता बंद झाला.

येथवर आपली 'प्रतिकूल परिस्थिती' ही शब्दयोजना बरोबरच ठरते. पण त्या स्टेशनवरच्या उत्तराकडे पुन्हा पाहावे. मुलाने विचार न करता सांगितले, असे आंबेडकर स्वतः लिहितात. साताऱ्याच्या शाळेत तो घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळा बसत होता; शिपाई असेल तरच तोंडात वरून पाणी पडे. घरचे कपडे धोबी धूत नसे, केस बहिणी कापीत. हे सारे तोवर त्याला जगाच्या रीतीसारखे वाटत होते. मसूरच्या प्रवासाने प्रथमच हादरा बसला आणि तेव्हापासून आपण त्याविषयी विचार करू लागलो, असे ते नोंदवतात. म्हणजे नऊ वर्षे अपमानाच्या भोवतालात राहूनही हे मूल आपले नाव सांगताना अडखळत नव्हते. त्याची मान खाली गेलेली नव्हती. ही ताठ मान कोठून आली?

ती घरातून आली. हे घर कसे होते? आजोबांपासून लष्करात. रामजी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कुलात शिकलेले आणि चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक. कंपनीच्या आणि नंतरच्या सैन्यात शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे असल्याने घरातल्या स्त्रियाही साक्षर. रामजी कबीरपंथी; संध्याकाळी घरात अभंग, दोहे म्हटले जात, रामायण-महाभारत वाचले जाई. मुलांचे इंग्रजी आणि भाषांतर ते स्वतः पाहत. पुढे मुंबईला परळच्या एका खोलीच्या बिऱ्हाडात ते मुलाला लवकर झोपवीत आणि पहाटे दोनला अभ्यासास उठवीत. पुस्तकासाठी विवाहित मुलींचे दागिने मागून गहाण टाकण्याचीही त्यांनी लाज बाळगली नाही. शुद्ध वाङ्मयीन निकष लावला, तर 1890 च्या दशकात कोकणातल्या कोणत्याही भिक्षुकी वा खोती घरापेक्षा हे घर पुस्तकांच्या अधिक जवळ होते. तरीही आपण त्याला 'संस्कार' म्हणत नाही. तेथे आपण म्हणतो, 'वडील शिस्तप्रिय होते' आणि पुढच्या वाक्याला लागतो.

असे का व्हावे? याचे उत्तर शब्दाच्या इतिहासात आहे आणि योगायोग असा की तो इतिहास लिहिणारा पंडितही दापोलीतच शिकला. काण्यांच्या 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र' या पाच खंडांच्या ग्रंथाचे प्रकाशन 1930 ते 1962 पर्यंत चालले. त्याच्या दुसऱ्या खंडात संस्कारांचे सविस्तर विवेचन आहे. गर्भाधानापासून विवाहापर्यंतचे विधी म्हणजे संस्कार. ज्यावर ते होतात त्याला योग्यता येते, अशी कल्पना. आणि कोणावर ते मंत्रासह व्हावेत, कोणावर मंत्राविना आणि कोणावर उपनयनासारखे मुळीच होऊ नयेत, याचीही काटेकोर व्यवस्था. म्हणजे हा शब्द मूळचा 'घडण' सांगणारा नसून 'अधिकार' सांगणारा आहे. विसाव्या शतकाच्या मराठीने त्यातले विधी काढून घेतले आणि त्या जागी चांगल्या सवयी, सद्विचार, आईची माया भरली. बदल स्वागतार्ह होता; साने गुरुजींसारख्यांचा त्यात मोठा हात. पण शब्दाच्या बुडाशी जुना गाळ राहिलाच. आजही उन्हाळी 'संस्कार वर्गां'च्या जाहिरातीत जे श्लोक, जे उच्चार, जो आहार अभिप्रेत असतो तो पाहावा. रामजींच्या घरातले कबीराचे दोहे त्यात बसतील का, याची मला शंका आहे.

बाईच्या बाबतीत तर हे दोन्ही शब्द अपुरे पडतात. याच जिल्ह्यातील देवरुखची गोदूबाई जोशी आठ-नऊ वर्षांची असताना लग्न होऊन लगेच विधवा झाली. तिने मुळाक्षरे गिरवली ती विशी उलटल्यावर, मुंबईत. 1889 मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात दाखल झालेली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. त्यापूर्वीच्या आयुष्यात घरचे संस्कार तिला भरपूर मिळाले आणि तेच तिची परिस्थिती होते. 1893 मध्ये कर्व्यांनी तिच्याशी विवाह केला आणि ती आनंदीबाई झाली. तिचे 'माझे पुराण' (1944) आपल्या अभ्यासक्रमांत सहसा नवऱ्याच्या आत्मवृत्ताची पुरवणी म्हणून येते. वस्तुतः बालपण आणि भोवताल यांविषयी त्यात जे आहे ते 'आत्मवृत्ता'त येऊ शकत नाही. मुरूडच्या देवळात वर्तमानपत्र ऐकणाऱ्यांत या वयाची मुलगी असण्याची शक्यताच नव्हती.

या विवाहानंतर मुरूडने कर्व्यांवर बहिष्कार टाकला. ज्या गावाच्या हितासाठी त्यांनी 1886 मध्ये मुरूड फंड सुरू केला होता तेच हे गाव. आपल्या माणसांच्या घरी उतरणे अशक्य झाले, कारण त्यांना थारा देईल त्याच्यावरही बहिष्कार येणार होता. एरवी सोमण गुरुजींच्या मुरूडचे गुणगान गाणाऱ्या चरित्रकाराची येथे अडचण होते. कर्व्यांना घडवणारा भोवताल आणि त्यांना हाकलणारा भोवताल एकच. पस्तिशीच्या माणसाला आपल्याच आळीतून परकेपणाने जावे लागणे म्हणजे काय, हे त्यांना कळले. त्यात पाण्याचा प्रश्न मात्र नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. ते पुण्यास परतू शकत होते, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू शकत होते.

खोती घरांविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती 'श्यामची आई' शिकवताना सहसा सांगितली जात नाही. श्यामच्या घराची पडझड वाचताना आपले डोळे भरतात. पण खोत म्हणजे सरकार आणि कुळे यांच्यामधला वसुलीचा हक्कदार, हे विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. मोळीवाल्या म्हातारीच्या वस्तीतून पाहिले तर हे घर कितीही खचले तरी वरच्याच अंगाला होते. 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले ते आंबेडकरांनी. ज्या व्यवस्थेच्या छपराखाली एक मूल आईच्या मांडीवर वाढले, त्याच व्यवस्थेचे छप्पर त्याच मुलखातल्या दुसऱ्या मुलाने मोठेपणी उतरवायला घेतले. दोघेही आपापल्या बालपणाशी प्रामाणिक होते, असे मला वाटते. साने गुरुजींचे शेतकऱ्यांविषयीचे लिखाण पाहता या विधेयकाचे त्यांना वावडे असण्याचे कारण नव्हते.

आणि शेवटी दापोलीची शाळा. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी दापोलीस छावणी केली; 'कॅम्प' हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. छावणी गेली तरी लष्करातून निवृत्त झालेले महार पेन्शनर तेथे राहिले. गोपाळबाबा वलंगकरांची चळवळ याच पेन्शनरांच्या आधाराने उभी राहिली. 1890 च्या दशकाच्या आरंभी, सैन्यात महारांची भरती बंद होत असताना, या पेन्शनरांनी आपल्या मुलांना गावच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून अर्जांवर अर्ज केले. लष्करी शाळेत शिकलेली ही माणसे; अर्ज कसा करावा, कोणाकडे करावा, कायदा काय म्हणतो, हे त्यांना ठाऊक होते. बरीच खळखळ होऊन मुलांना शाळेत यायची परवानगी मिळाली, ती ओसरीवर बसण्याची. आतला धडा ओसरीवर जेवढा ऐकू येईल तेवढा.

रामजी सकपाळ दापोलीस आले ते याच काळात. त्यांनी दापोली सोडली नसती तर भीमही त्या ओसरीवर बसला असता. बाकीची मुले बसली. त्यांच्या घरीही बहुधा संध्याकाळी अभंग होत असतील, त्यांचेही वडील इंग्रजी जाणणारे हवालदार-जमादार असतील. ती मोठी होऊन काय झाली? त्यांच्यापैकी कोणी आत्मचरित्र लिहिले नाही, कोणाचे चरित्र झाले नाही. त्यामुळे 'परिस्थितीवर मात' या प्रश्नाच्या उत्तरात त्यांचा उल्लेख येत नाही आणि 'संस्कार' या प्रश्नाच्या उत्तरात तर येण्याचा संभवच नाही. यंदा मी वर्गात मोळीचा प्रसंग, मसूरचे स्टेशन आणि ही ओसरी एकापाठोपाठ एक वाचायला घेणार आहे. प्रश्नपत्रिकेत त्यावर प्रश्न कसा काढावा, हे अजून सुचलेले नाही.